पंच्याच्या मापाचं विमान

जीप बनवणारी कंपनी गाडीत किती माणसं बसणार ते ठरवूनच गाडी पाठवते. आमचा धंदा त्याच्या पुढच्या माणसापासून सुरू व्हायचा. कंपनी नऊ म्हणाली की दहावा माणूस आमचा. अकरावा, बारावाही आमचाच. टपावर बसणारे मात्र आमचे नव्हेत, त्यांना गादी लागत नसे.

पाथरीच्या जीप-स्टँडसमोर आमचं दुकान होतं. पाटीवर ‘कुशन वर्क्स’ असं लिहिलेलं होतं, पण त्या नावानं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. ‘गादीवाल्या वहिनीकडं जा’ असंच लोक सांगत. आमचे हे लोखंडी फ्रेमचं वेल्डिंग करायचे आणि मी त्यावर काथ्या, फोम आणि रेक्झिन चढवून सीट शिवायचे. बाई गाडीच्या सीटा शिवते याचं नवल वाटून सुरुवातीला काही ड्रायव्हर नुसतेच बघायला येत आणि जाताना ओशाळून एखादं फाटलेलं कव्हर टाकून जात. त्यातूनच धंदा वाढला.

लग्न होऊन पाथरीला आले तेव्हा मला ब्लाउज आणि परकर एवढंच शिवता येत होतं. शेजारी एक म्हातारे उस्ताद गाड्यांच्या सीटा करायचे. त्यांची नजर अधू झाली तसे ते दाभणात दोरा ओवून घ्यायला मला हाक मारू लागले. आधी नुसता दोरा ओवून दिला, मग दाभण हातात आली, आणि दोन वर्षांत अख्खी सीट. उस्ताद म्हणायचे, “बेटी, बिलाउज हो या सीट, एकीच बात हय. अंदरवाले कू सांस लेते आना.”

ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सीटला चार मापं असतात. रुंदी, खोली, उंची, आणि चौथं म्हणजे गुडघ्यापुढची जागा. जास्त माणसं बसवायची तर यातलंच काहीतरी चोरावं लागतं. रुंदी चोरली तर माणूस लगेच ओरडतो. खोली चोरली तर त्याला कळत नाही, आपण सारखे पुढं का घसरतोय एवढंच कोडं त्याला पडतं. म्हणून आम्ही आधी खोली चोरायचो. मग फोम पातळ करायचो. शेवटी ड्रायव्हरची सीट कापायचो, कारण तो मालकाचा नोकर, त्याला ओरडायची सोय नव्हती. आमच्या भागातले ड्रायव्हर एक मांडी सीटवर आणि एक दाराबाहेर अशीच गाडी चालवायचे. त्यांच्यासाठी मी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती अशी खास गादी काढली होती. कायद्यात हे काहीच बसत नव्हतं. गाडीत मात्र सगळं बसत होतं.

सगळीच गिऱ्हाइकं माणसं वाढवायला येत असंही नाही. झरीचे एक मोठे जमीनदार होते, आप्पासाहेब. त्यांनी स्वतःसाठी नवी जीप घेतली आणि आठच दिवसांत दुकानात आले.

“वहिनी, ह्या जीपमधल्या जागा कमी करून द्या.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “कमी?”

“कमी! गावातून निघालो की निम्मं गाव हात करतंय. न्हाई म्हणता येत न्हाई, सगळे भावकीतले. काल परभणीला वकिलाकडं निघालो तर बारा जण अन् दोन शेळ्या घेऊन पोचलो. वकील इचारतो, एवढे साक्षीदार कामून आणले? असं करा, मी अन् डायवर, बास. तिसरा दिसला न्हाई पाहिजे.”

आम्ही मागचं बाकडं काढलं, त्यांच्यासाठी मध्ये एक भलीमोठी सीट केली आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला पेटीसारखे रुंद हात बसवले. जमीनदार माणूस, म्हणून त्या हातांवरही मी जाड फोम घातला. महिनाभरानं आप्पासाहेबांची जीप स्टँडवरून जाताना दिसली. मध्ये आप्पासाहेब, त्यांच्या डाव्या हातावर तिघं, उजव्या हातावर तिघं. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. त्यातला एक जण वरून ओरडला, “वहिनी, सीट लय झकास झाली!”

पण सांगायची आहे ती भुजंगरावांच्या विमानाची गोष्ट.

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागायच्या दोन-तीन वर्षं आधीचे ते दिवस. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळ-संध्याकाळ त्याच विषयावर वाद चालत आणि बंद पुकारला की सगळ्या गाड्या स्टँडवर उभ्या राहत. भुजंगरावांच्या दोन जीपा पाथरीहून सेलूमार्गे देवगाव फाट्यापर्यंत पळायच्या. नुकतीच त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली होती, परभणीच्या रस्त्यावर टाकायला. माणूस हौशी, बोलायला मोकळा, आणि कुठलीही गोष्ट एकदा डोक्यात शिरली की ती पूर्ण झाल्याशिवाय न जेवणारा.

त्यांचा मेहुणा मुंबईत नोकरीला होता. त्यानं एकदा हौसेनं औरंगाबादहून मुंबईचं विमानाचं तिकीट काढून दिलं. परत आल्यावर भुजंगराव घरी गेले, पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आधी आमच्याकडंच आले.

“वहिनी, आपण लोकांचे लय लाड करायलाव,” ते म्हणाले.

“काय झालं भाऊ?”

“इमानात बसून आलो. काय सांगू! गुडघे पार हनुवटीला लागले. शेजारचा शिंकला तर माझं पोट हाललं. एवढा पैसा भरून लोक तसं चेपून बसतेत, अन् उतरताना त्या पोरीला हात जोडून थँक्यू म्हणतेत! अन् आपण हितं ऐसपैस बाकडं देतो तर उतरताना शिव्या खातो.”

“मग काय करायचं म्हणता?”

“माझ्या मिनीबसमधी इमानासारख्या सीटा बसवा. प्रत्येकाला सुटी सीट, दोन बाजूंनी हात, मागं रेलायची कळ, अन् पुढच्याच्या पाठीला चहा ठेवायची फळी. माप आणलंय मी.”

असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा नवा पंचा काढला आणि माझ्या कापड कापायच्या टेबलावर देवासमोर वस्त्र अंथरावं तसा अंथरला. त्याला तीन गाठी मारलेल्या होत्या. पहिलीपासून दुसरीपर्यंत सीटची रुंदी. दुसरीपासून तिसरीपर्यंत एका पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंतचं अंतर. विमान हवेत असताना त्यांनी जागेवर वाकून हे माप घेतलं होतं. ते खाली मान घालून काय करतायत हे बघून ती हवाईसुंदरी धावत आली, त्यांना मळमळतंय असं समजून तिनं कागदी पिशवी पुढं केली. भुजंगरावांनी ती पिशवीही जपून आणली होती. तशा पिशव्या ठेवू का, असं त्यांनी मला विचारलं. नको म्हटलं.

मी पंच्याला टेप लावला. रुंदी साडेपंधरा इंच भरली. अंतर सत्तावीस.

“भाऊ, लय अरुंद होतंय,” मी म्हणाले. “अन् बाकड्याचं एक बरं असतं. चौघांच्या जागी सहा बसतेत, पोरं मांडीवर जातेत, गठुडं मधी मावतंय. हात लावले की एका सीटवर एकच माणूस.”

“म्हणून तर अरुंद करायच्या! वीस जणांच्या गाडीत तीस सीटा बसतील. भांडण न्हाई, तंटा न्हाई. ज्याची त्याची जागा.”

“आपल्याकडच्या माणसाला पुरंल का पण?”

“वहिनी, इमानातले लोक काय येगळे व्हते? चांगले खात्यापित्या घरचे व्हते की!”

खरं सांगायचं तर मी याहून जास्त वाद घातला नाही. पंधरा वर्षं सलग बाकडी शिवून हात कंटाळला होता. सुट्या सीटा, रेलणारी पाठ, कडेनं पांढरी पायपिंग, असं काम पाथरीत काय, अख्ख्या जिल्ह्यात कुणी केलेलं नव्हतं. मला ते करून बघायचं होतं. निळं रेक्झिन आणलं. पाठीच्या वरच्या टोकाला डोकं टेकायला पांढरं कव्हर शिवलं. ह्यांनी रेलायची कळ बसवण्यासाठी तीन वेळा फ्रेम तोडून पुन्हा जोडली. सीटांचे हात नट-बोल्टवर बसवायचे ठरलं होतं, पण भुजंगराव म्हणाले, “बोल्ट ठेवले तर महिन्याभरात हात लोकांच्या घरी जातील.” म्हणून ह्यांनी प्रत्येक हात फ्रेमला वेल्डिंग करून टाकला.

पहिली सीट तयार झाली तेव्हा तिच्यावर बसून बघायला हेच होते. आमचे हे अंगानं इतके बारीक की त्यांच्या सदऱ्यातला उरलेला कपडा मी उशीला वापरायचे. ते त्या सीटवर बसले, इकडं सरकले, तिकडं सरकले आणि म्हणाले, “भरपूर जागा हाय.”

मी बसले नाही. जन्मभर खाली जमिनीवर बसून सीटा शिवल्या. दुकानात चार पुरुष उभे असताना गिऱ्हाइकाच्या सीटवर जाऊन बसायचं हे मनातच यायचं नाही. शिवायचं, झटकायचं आणि द्यायचं.

पहिल्या खेपेच्या दिवशी गाडीला झेंडूचे हार घातले. पेंटरनं दर्शनी काचेवर ‘पुष्पक’ असं झोकदार लिहिलं. नारळ फुटला. भुजंगरावांनी मला बळेच गाडीत बसवलं. “तुमी कारागीर, तुमी पायलटशेजारी पाहिजे,” म्हणाले. पायलटशेजारी म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं इंजिनाचं बॉनेट. त्यावर पोतं टाकून मी बसले. हातात पिशवी, तिच्यात नट-बोल्टचे पाने, दाभण, दोरा. कुठं शिवण उसवलीच तर असावं म्हणून.

माणसं आत येऊन आधी नुसतीच बघत राहिली. निळ्या रेक्झिनवरून हात फिरवत होती. एका म्हातारबांनी चपला दाराबाहेर काढल्या. त्या मी पुन्हा आत घेतल्या. मग सगळे बसायला लागले आणि तिथून खरी गंमत सुरू झाली.

आमच्याकडची म्हातारी माणसं सीट दिसली की पाय वर घेऊन मांडी घालतात. त्या म्हातारबांनीही घालायचा प्रयत्न केला. एक पाय वर आला, दुसरा सीटच्या हाताखाली अडकला. तसेच एका पायावर बगळ्यासारखे ते बसून राहिले. मागच्या रांगेत एक मेंढपाळ बाई कोकरू मांडीवर घेऊन बसली. तिला जागा पुरली, पण कोकराला पुरेना. त्याचं डोकं हातावरून शेजारच्या गुरुजींच्या मांडीत आलं आणि ते शांतपणे त्यांचं वर्तमानपत्र खाऊ लागलं. गुरुजींना पेपर वर उचलता येईना, कारण त्यांचे दोन्ही कोपर दोन्ही बाजूंनी अडकलेले. “बाई, तुमचं कोकरू संपादकीय खायलंय,” ते म्हणाले. बाईनं कोकराला एक चापट मारली. त्यानं मग क्रीडा पान घेतलं.

पुढं एका काकांनी कळ दाबून पाठ रेलवली. ती थेट मागच्याच्या गुडघ्यांवर आदळली. मागच्यानं आपली पाठ रेलवून सूड घेतला. असं करत करत ते भांडण शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. चहाच्या फळीवर चहा कुणी ठेवला नाही. एका बाईनं तिच्यावर आपलं दोन वर्षांचं लेकरू बसवलं आणि फळी त्या लेकरासकट पुढच्या माणसाच्या मानेवर कलली.

भुजंगराव मात्र आनंदात होते. हातात स्टीलची ताटली, तिच्यात बडीशेप आणि लिमलेटच्या गोळ्या. मधल्या वाटेनं ते आडवे होऊन चालत होते, कारण तीस सीटा घातल्यावर वाट जेमतेम दीड वीत उरली होती. “गोळी घ्या, कानात दडे बसत न्हाईत,” असं प्रत्येकाला सांगत होते.

बगळ्यासारखे बसलेले म्हातारबा गोळी चघळत म्हणाले, “मालक, पुराणातल्या पुष्पकात कितीबी माणसं बसली तरी एक जागा रिकामीच ऱ्हायची म्हणतेत.”

“मग?” भुजंगराव खूश होऊन म्हणाले.

“तुमच्या पुष्पकात बसलेल्यालाच जागा न्हाई.”

सगळी गाडी हसली. मीही हसले. तोवर मला ही सगळी गंमतच वाटत होती.

मानवतच्या अलीकडं एका फाट्यावर दोन बायांनी हात केला. एक मध्यम वयाची, नऊवारी नेसलेली. दुसरी तिची लेक रुक्मिण, विशीतली, दिवस भरलेली. कळा सुरू झालेल्या. गावातून बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आल्या होत्या आणि अर्धा तास झाला तरी दुसरं वाहन मिळालं नव्हतं.

“परभणीच्या दवाखान्यात न्यायचंय वो, घ्या माय आमाला,” आई म्हणाली.

न घ्यायचा प्रश्नच नव्हता. चार-पाच पुरुष एकदम उठायला गेले. त्यातले दोघे उठू शकले, बाकीचे अडकले. रुक्मिण वाटेत शिरली, पण वाट दीड वितीची. ती आडवी झाली तरी पुढं जाईना. तिला पहिल्याच रांगेतली सीट रिकामी करून दिली. ती सीटजवळ गेली, खाली वाकली, आणि पुढच्या लोखंडी आडव्या पाइपाला पोट लागून तशीच अर्धवट उभी राहिली. दोन हातांच्या मध्ये ती बसूच शकत नव्हती. मी बॉनेटवरून उठले, पण बॉनेट तव्यासारखं तापलं होतं. तिथं तिला बसवता येत नव्हतं. वाटेत खाली बसवावं तर वाट ही अशी.

बाकड्याची गाडी असती तर कुणीतरी नुसतं “सरका” म्हटलं असतं आणि एका दमात अर्धं बाकडं मोकळं झालं असतं. आमच्या भागातली सगळी वाहतूक त्या एका शब्दावर चालते. त्या दिवशीही तो शब्द दोघा-तिघांच्या तोंडून निघाला. पण सरकणार कुठं? प्रत्येक जण आपापल्या लोखंडात बसलेला.

रुक्मिणनं सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ दाबून ती उभी होती. माझी पांढरी पायपिंग तिच्या मुठीत चुरगळली होती.

मी पिशवीतून पाना काढला आणि खाली वाकले. तेव्हा आठवलं की हातांना बोल्टच नाहीत. ह्यांचं वेल्डिंग. आणि ह्यांचं वेल्डिंग म्हणजे पिढ्यांसाठी केलेलं.

“भाऊ, गाडी बाजूला घ्यायला लावा,” मी भुजंगरावांना म्हणाले. “सीट तोडावी लागंल.”

“वहिनी, पहिलीच खेप हाय!” त्यांनी ताटली छातीशी धरली.

“तिचीबी पहिलीच हाय.”

मागच्या रांगेत एक शेतकरी नव्या कोऱ्या पहारीला मिठी मारून बसला होता. पाथरीच्या बाजारातून घेतलेली. टपावर ठेव म्हटलं तर कुणी नेईल म्हणून त्यानं ती जीव गेला तरी सोडली नव्हती. आता त्याच्याकडं सगळ्यांनी बघितलं. त्यानं पहारीकडं बघितलं.

“घ्या,” तो म्हणाला. “पर मीच मारनार. नवी हाय.”

गाडी झाडाखाली उभी राहिली. त्यानं पहार हाताच्या खाली घातली आणि तिघांनी मिळून दाबली. पहिल्या झटक्याला अख्खी गाडी हलली, हात जागचा हलला नाही. दुसऱ्याला टाका सुटल्याचा आवाज आला. गुरुजी पेपरचा उरलेला तुकडा टाकून मदतीला आले. म्हातारबांनी एका पायावरून फर्मान सोडलं, “खालून दाबा, खालून!”

“माझी सीट! माझी सीट!” भुजंगराव म्हणत होते. आणि मग एकाएकी त्यांचं म्हणणं बदललं. “आरं रेक्झिन फाटंल तसं! इकडून धरा. सोडा, मला धरू द्या.” ताटली त्यांनी मेंढपाळ बाईच्या हातात दिली आणि पहारीचं दुसरं टोक स्वतः धरलं.

दोन हात निघाले, समोरचा पाइप वाकवला, वाटेपलीकडची सीट मुळासकट उपटून टपावर फेकली. दोन सीटा सलग झाल्या. मी पोतं घडी करून पाठीला लावलं आणि रुक्मिणला आडवं टेकवलं. तिनं पहिल्यांदा डोळे मिटून श्वास सोडला. तिची आई आणि मी खाली वाटेत बसलो. भुजंगराव दारात लटकले.

“आता मधी कुठं थांबू नको,” त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. मानवतला उतरणारेही बसूनच राहिले. सगळे परभणीपर्यंत आले.

वाटेत एक कळ येऊन गेल्यावर रुक्मिणनं माझ्याकडं मान वळवली. “ह्या सीटा कुणी केल्या वो?”

मला खोटं बोलता आलं असतं. “मीच केल्या,” मी म्हणाले.

तिनं मला नीट बघितलं. रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, “तुमी बसून बगितलं न्हाई का?”

तिच्या आईनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मी पिशवीतला पाना उगाच इकडून तिकडं केला.

दवाखान्याच्या फाटकात गाडी लागली तेव्हा तिला उतरवून घ्यायला अख्खी बस खाली उतरली. संध्याकाळी मुलगी झाली, दोघीही सुखरूप. हा निरोप दुसऱ्या दिवशी भुजंगरावांच्या ड्रायव्हरनंच आणला.

तिसऱ्या दिवशी भुजंगराव बायकोला, शांताबाईंना, घेऊन दुकानात आले. चेहरा उतरलेला. पुष्पकात दुसऱ्या दिवशी दोनच माणसं चढली होती आणि तीही उतरता येईना म्हणून परत पाथरीलाच आली होती.

“माप मी आणलं, कबूल,” ते म्हणाले. “पर इमानात मी बसलो व्हतो की! अडचण व्हती, पर बसलो व्हतो. परवा त्याच मापाच्या सीटवर मी बसाया गेलो तर मला दोघांनी ओढून काढलं. तुमी शिवताना घोळ केला.”

मी खिळ्याला टांगलेला पंचा काढून टेबलावर टाकला आणि टेप लावला. साडेपंधरा आणि सत्तावीस. “बगा तुमीच,” मी म्हणाले.

शांताबाई पुढं झाल्या. “अगं माय, ह्यो पंचा हितं हाय व्हय! मुंबईचा समदा मळ घेऊन आला व्हता. त्याच दिवशी गरम पाण्यात सोडा टाकून भिजवला अन् दगडावर चांगला बडवला. गाठी सुटता सुटंनात, म्हणलं ऱ्हाऊ द्या.”

मग वेल्डिंगच्या चष्म्यामागून ह्यांच्या हसण्याचा आवाज आला. भुजंगरावांनी बायकोकडं बघितलं, पंच्याकडं बघितलं, आणि तेही मटकन बसून हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शांताबाई सारख्या विचारत होत्या, “काय झालं? डाग ऱ्हायला का?”

मला हसू आलं नाही. आलं, पण उशिरा. नवं सुती कापड पाण्यात आटतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. ब्लाउजचं कापड भिजवून वाळवल्याशिवाय मी कधी कात्री लावली नव्हती. पंचा धुतलेला आहे हे त्याला हात लावताच बोटांना कळलं होतं. पण निळं रेक्झिन आणि पांढरी पायपिंग डोळ्यांसमोर असल्यावर बोटांचं कोण ऐकतो? विमानाची सीट अरुंद असेलही, मी तिच्याहून अरुंद केली, आणि उस्तादांनी शिकवलेलं ते श्वासाचं माप घ्यायचं विसरले.

पुष्पकातले सगळे हात ह्यांनी आठ दिवस खपून कापून काढले. ह्यांचंच वेल्डिंग ह्यांनाच तुटेना, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडून स्वतःच्या कामाला शिव्या ऐकल्या. रांगा कमी केल्या, सुट्या सीटा जोडून बाकडी केली. रेलायची कळ फक्त शेवटच्या रांगेत ठेवली, मागं भिंतच होती म्हणून. रेक्झिन तेच निळं. गाडी पुढं कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर पळाली. चौघांच्या जागी सहा बसत, कधी सातही, आणि लोक तिला शेवटपर्यंत ‘इमान’च म्हणत.

बाकडी बसवल्यावर पहिल्या खेपेला मी तिकीट काढून पाथरीहून परभणीला गेले आणि परत आले. बॉनेटवर नव्हे, मधल्या रांगेत, खिडकीपासून तिसरी. मानवतपर्यंत आरामात होते. पुढं उजवी मांडी बधिर झाली. दुकानात आल्यावर त्या रांगेची पुढची कड सोडवून उतरती केली. त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत मी न बसलेली एकही सीट गिऱ्हाइकाला दिली नाही. चार पुरुष उभे असले तरी त्यांना “जरा बाजूला व्हा” म्हणून बसायचे. पहिल्या काही दिवसांत लोक तोंडाला रुमाल लावून हसले. मग त्यांना सवय झाली.

असं असलं तरी मी संत झाले नव्हते. दहावा माणूस मी पुढंही बसवलाच. मालकांना तो हवा असायचा, आणि रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या त्या दहाव्यालाही जागा हवीच असायची. पण ती करताना रुक्मिणचा प्रश्न कानात असायचा आणि कात्री जरा बाहेरून फिरायची.

दोन-अडीच महिन्यांनी रुक्मिणची आई दुकानात आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली, दुकानभर नजर फिरवली. मला वाटलं, आता ही बोलणार. मी खाली मान घालून शिवत राहिले.

“पाळण्यात घालायला गादी पाहिजे,” ती म्हणाली. “लेकीच्या लेकीला. तुमच्याकडचीच पाहिजे म्हणती रुक्मिण.”

मी मान वर केली. ती हसत होती.

मी टेप घेतला. “पाळणा केवढा हाय?”

तिनं हातानं लांबी दाखवली. मी कापडावर खूण केली, कात्री उचलली.

“थांबा,” ती म्हणाली. तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि माझ्या खुणेच्या पुढं चांगली वीतभर नवी रेघ मारली. “एवढी करा.”

“पाळण्यात मावायची न्हाई हो.”

“पाळणा काय, बदलता येतोय,” ती म्हणाली. “लेकरू हाय ते. वाढंल की.”